गिझर, एसी, वॉशिंग मशिन, ओव्हन: पॉवर पॉइंट नीट कसा काढायचा

मोठ्या उपकरणाचा पॉइंट डीबीमध्ये, म्हणजे घरातल्या सगळ्या सर्किटांना वीज वाटणाऱ्या पेटीत, सुरू होतो. तिथला एमसीबी (जास्तीचा करंट आला की आपोआप तुटणारा स्विच), तिथून स्वतंत्र निघालेली फेज-न्यूट्रल-अर्थ, मधला पाइप, स्विच आणि शेवटी सॉकेट, हे सगळं मिळून एक पॉइंट होतो. सॉकेटवर १६ अँपिअर छापलेलं असलं आणि मागे दीड स्क्वेअर एमएमची वायर असली, तर तो पॉइंट १६ अँपिअरचा नाही. प्लेट कितीही चकचकीत असली तरी भार वायरला आणि स्क्रूला पेलायचा असतो.

इथली सगळी माहिती २३० व्होल्ट, सिंगल फेज आणि तीन गोल पिनांच्या १६ अँपिअर सॉकेटसाठी आहे. फेज लाल, न्यूट्रल काळी आणि अर्थ हिरवी (किंवा हिरवी-पिवळी) असे रंग धरले आहेत. डीबीच्या आतलं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. बाकीचं कामही त्याच्याकडूनच करून घेणार असाल, तरी काय मागायचं आणि काय तपासायचं हे आपल्याला माहीत हवं.

आधी भार काढा

उपकरणाच्या मागच्या पट्टीवर वॉट दिलेले असतात. त्यांना २३० ने भागलं की अँपिअर मिळतात. २००० वॉटचा साठवणीचा गिझर ८.७ अँपिअर घेतो, ३००० वॉटचा इन्स्टंट गिझर १३, आणि ४५०० वॉटचा जवळजवळ १९.६. म्हणजे शेवटचा १६ अँपिअरच्या सॉकेटवर चालवायचाच नाही. त्याला डीबीपासून ६ स्क्वेअर एमएमची वायर, २५ अँपिअरचा डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, म्हणजे डीपी) एमसीबी आणि गिझरजवळ ३२ अँपिअरचा डीपी स्विच द्यावा, आणि जोड थेट टर्मिनलमध्ये करावा. मध्ये प्लग नको.

एसीच्या पट्टीवर बरेच जण चुकीचा आकडा वाचतात. दीड टनाच्या एसीवर ५००० वॉटच्या आसपास आकडा दिसतो, पण ती थंडाव्याची क्षमता असते. विजेचा भार ‘इनपुट’ समोर लिहिलेला असतो आणि तो याच्या साधारण एक तृतीयांश असतो. पट्टीवर कमाल करंट वेगळा दिला असेल तर हिशेबासाठी तोच धरा.

आणखी एक भेद लक्षात ठेवा. इन्स्टंट गिझर काही मिनिटं चालतो, ओव्हन, ड्रायर आणि एसी तासन्‌तास. तासन्‌तास चालणारा भार १६ अँपिअरच्या पॉइंटवर १३ च्या वर नेऊ नये. सॉकेटचे संपर्क सतत पूर्ण भाराखाली तापत राहिले की त्यांची स्प्रिंग ढिली पडते, आणि ढिली झालेली स्प्रिंग आणखी तापते.

१५०० वॉटच्या वरच्या प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र सर्किट द्या. स्वयंपाकघरात एकाच वायरवर लूप करून मायक्रोवेव्ह, इंडक्शन आणि डिशवॉशर असे तीन पॉइंट काढलेले सर्रास दिसतात. तिन्ही एकदम चालू झाले की वीस-पंचवीस अँपिअर त्या एकाच वायरमधून जातात. फ्रिजचा भार तसा कमी असतो, तरी त्याला वेगळं सर्किट असावं. नाहीतर मिक्सरमुळे एमसीबी पडतो आणि फ्रिज रात्रभर बंद राहिल्याचं सकाळी कळतं.

वायर किती जाडीची

पाइपातून गेलेल्या पीव्हीसी तांब्याच्या वायरची क्षमता, ३० अंश तापमानाला आणि पाइपात एकच सर्किट असताना, अशी धरतात: १.५ स्क्वेअर एमएम साडेसतरा अँपिअर, २.५ ला २४, ४ ला ३२ आणि ६ ला ४१. हे आकडे पाहून २.५ ची वायर १६ अँपिअरला भरपूर वाटते. पण ४० अंशाला हा आकडा ०.८७ ने गुणावा लागतो. एकाच पाइपात दोन सर्किटं असली तर आणखी ०.८ ने, आणि तीन असली तर ०.७ ने. आता गणित करा: २४ गुणिले ०.८७ गुणिले ०.७ म्हणजे १४.६. तीच वायर, तोच पाइप, पण गरम स्लॅबमधून तीन सर्किटं एकत्र नेली की ती १६ अँपिअरलाही पुरत नाही. ४ ची वायर याच परिस्थितीत साडेएकोणीस अँपिअर पेलते.

म्हणून एसी, इन्स्टंट गिझर आणि ओव्हनला ४ स्क्वेअर एमएम वापरावी. साठवणीचा गिझर, वॉशिंग मशिन, डिशवॉशर यांना २.५ चालते, पण पाइप स्वतंत्र असेल तर. एकदा प्लास्टर झालं की वायर बदलणं जिकिरीचं होतं, त्यामुळे शंका असेल तिथे एक माप वरचं घ्या.

अंतर जास्त असेल तर व्होल्टेजही पडतं. १ अँपिअरला १ मीटरमागे २.५ च्या वायरमध्ये सुमारे १८ मिलिव्होल्ट आणि ४ च्या वायरमध्ये ११ मिलिव्होल्ट घट धरतात (जाणारी-येणारी दोन्ही मिळून). १३ अँपिअर, २० मीटर, २.५ ची वायर: ४.७ व्होल्ट, म्हणजे २ टक्के. हे चालतं. हेच अंतर ४० मीटर झालं की ४ ची वायर घ्यावी.

फेज ज्या जाडीची, न्यूट्रलही त्याच जाडीची आणि अर्थही त्याच जाडीची. अर्थला बारीक वायर घालून पैसे वाचवू नका. शॉर्ट झाला तर सगळा करंट त्याच वायरने जायचा असतो. जुन्या घरात ॲल्युमिनियमची वायर असेल तर तिला तांब्याची वायर पिळून जोडू नका. दोन धातूंच्या जोडावर ऑक्साइड धरतं, ॲल्युमिनियम दाबाखाली सरकतं आणि जोड काही महिन्यांत तापायला लागतो. डीबीपासून नवी तांब्याचीच वायर आणा.

एमसीबी आणि आरसीसीबी

एमसीबी वायरच्या रक्षणासाठी असतो. त्याचा आकडा वायरच्या क्षमतेपेक्षा जास्त असता कामा नये, आणि १६ अँपिअर सॉकेटवर तो १६ चाच असावा. ‘सारखा पडतो म्हणून २० चा टाकला’ हा सगळ्यांत धोकादायक उपाय आहे. एमसीबी छापलेल्या आकड्यावर लगेच पडत नाही. १.१३ पटीपर्यंत तो तासभर तग धरतो, आणि १.४५ पट भार आला तर तासाच्या आत पडतो. १६ चा एमसीबी १८ अँपिअर बिनबोभाट वाहू देतो. २० चा साडेबावीस. मागे दीड स्क्वेअरची वायर असेल तर एमसीबी शांत बसतो आणि वायरचं आवरण आत भाजत राहतं.

नुसता हीटर असलेल्या गिझरला ‘बी’ कर्व्ह पुरतो, तो रेटिंगच्या ३ ते ५ पट करंटला झटक्यात तुटतो. एसी, वॉशिंग मशिन अशा मोटर-कॉम्प्रेसरवाल्यांना ‘सी’ घ्या, कारण त्यांचा सुरुवातीचा झटका मोठा असतो आणि ‘सी’ ५ ते १० पटीला तुटतो.

आरसीसीबीचं काम वेगळं आहे. तो गळती पकडतो, म्हणजे न्यूट्रलने परत न येता अर्थकडे निघून जाणारा करंट; जास्तीचा भार त्याला कळत नाही. म्हणून एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही लागतात. माणसाच्या बचावासाठी ३० मिलिअँपिअरचा घ्या. इन्व्हर्टर एसी आणि नव्या वॉशिंग मशिनमधल्या इलेक्ट्रॉनिक्समुळे गळतीच्या करंटमध्ये डीसीचा अंश येऊ शकतो, आणि तो साध्या ‘एसी’ प्रकारच्या आरसीसीबीला नीट ओळखता येत नाही. या उपकरणांसाठी ‘ए’ प्रकारचा आरसीसीबी मागा. डब्यावर त्याची वेगळी खूण असते.

डीबीत एकापेक्षा जास्त आरसीसीबी असतील तर प्रत्येकाची न्यूट्रल पट्टी वेगळी असते. नव्या पॉइंटची फेज एका आरसीसीबीखालून आणि न्यूट्रल दुसऱ्याच्या पट्टीवरून घेतली, तर उपकरण चालू करताच आरसीसीबी पडणारच. मग गिझर खराब आहे म्हणून तो बदलला जातो, आणि दोष डीबीतल्या एका स्क्रूखाली तसाच राहतो.

जागा कुठे

सॉकेट उपकरणाच्या बाजूला असावं, बरोबर मागे नको. प्लग हाताने काढता आला पाहिजे. फ्रिज किंवा डिशवॉशर पुढे ओढल्याशिवाय प्लगपर्यंत हात जात नसेल तर ती जागा चुकली. गिझरच्या थेट खाली सॉकेट घेऊ नका, कारण गळती तिथेच ठिबकते. बाजूला आणि गिझरच्या खालच्या कडेपेक्षा वर घ्या, आणि त्याचा स्विच बाथरूमच्या बाहेर ठेवा. शेगडीच्या वर आणि सिंकच्या बरोबर मागे पॉइंट नको. एसीचं सॉकेट इनडोअर युनिटच्या बाजूला साधारण वीतभर अंतरावर बरं पडतं.

सामान

१५ मीटर लांबीच्या एका पॉइंटला साधारण इतकं लागतं: ४ स्क्वेअर एमएमची एफआर (आग सहज न पसरवणारी) वायर लाल, काळी, हिरवी प्रत्येकी १७ मीटर, २५ मिमीचा पीव्हीसी पाइप ३ मीटरच्या ५ लांब्या, लागतील तेवढे बेंड आणि सोल्युशन, तीन मॉड्यूलचा बॉक्स आणि प्लेट, दोन मॉड्यूलचं १६ अँपिअर शटरवालं सॉकेट, एक मॉड्यूलचा १६ अँपिअर स्विच, पिन लग (वायरच्या टोकावर चढवायचं धातूचं टोक), डीबीत १६ अँपिअरचा एमसीबी. लांबी मोजताना सरळ अंतर धरू नका. पाइप भिंतीवर चढतो, आडवा जातो आणि पुन्हा उतरतो, त्या वाटेने टेप लावा. सॉकेट घेण्याआधी त्याच्या टर्मिनलमध्ये ४ ची वायर बसते का ते विचारून घ्या. स्वस्तातल्या काही सॉकेटमध्ये बसत नाही, आणि मग कारागीर तारा कापून ती बसवतो.

काम

मेन स्विच बंद करा आणि ‘काम चालू आहे’ अशी चिठ्ठी लावा. घरात बॅटरीचा इन्व्हर्टर किंवा सोलर असेल तर तोही बंद करून वेगळा करा. मेन पाडल्याबरोबर इन्व्हर्टर सुरू होतो आणि काही वायरींत पुन्हा २३० व्होल्ट येतात. मेन स्विचच्या वरच्या बाजूच्या वायरी तर कायम जिवंत असतात. वीज गेल्याची खात्री मल्टिमीटरने करा: आधी चालू पॉइंटवर मीटर चालतोय का पाहा, मग बंद केलेल्यावर लावा, मग पुन्हा चालू पॉइंटवर. निऑन टेस्टर लागला तर वीज आहे असंच धरा, पण लागला नाही म्हणजे वीज नाही असं धरू नका.

पाइपासाठी भिंतीत झिरी सरळ उभी किंवा आडवी पाडा. तिरकी पाडलेली झिरी पुढे कुणाला कळत नाही आणि खिळा ठोकताना वायर सापडते. दोन खेचण्याच्या जागांमध्ये दोनपेक्षा जास्त बेंड ठेवू नका. पाइप पूर्ण भरू नका, ४० टक्क्यांपर्यंतच जागा वायरने व्यापावी. तिन्ही वायरी एकदम, वायर ओढायच्या स्प्रिंगला बांधून, एकाने ढकलत आणि एकाने ओढत न्या. पाइपात मध्ये कुठेही जोड नको. सॉकेटच्या बॉक्समध्ये १५ ते २० सेंटिमीटर आणि डीबीत अर्धा मीटर वायर जास्तीची सोडा.

आता टर्मिनल. मोठ्या पॉइंटचं आयुष्य इथे ठरतं, म्हणून इथे घाई नको. ४ स्क्वेअर एमएमच्या लवचिक वायरीत ०.३ मिमीच्या ५६ तारा असतात. साल काढताना ब्लेडने त्यातल्या चार-पाच कापल्या जातात, आणि टर्मिनलमध्ये मावत नाही म्हणून आणखी दहा कापल्या की उरते तीनपेक्षाही कमी स्क्वेअरची वायर, तीही नेमक्या सगळ्यांत तापणाऱ्या जागी. साल स्ट्रिपरने काढा, टर्मिनलच्या खोलीएवढंच, साधारण १० मिमी. पिन लग चढवून क्रिंप करा, म्हणजे पक्कडीने दाबून घट्ट बसवा. लग नसेल तर तारा घट्ट पिळून सरळ घाला. टोकाला शिसं (सोल्डर) लावू नका. ते दाबाखाली हळूहळू पसरतं आणि घट्ट केलेला स्क्रू महिनाभरात सैल होतो. स्क्रू आवळल्यावर वायर धरून जोरात ओढून पाहा. सुटली तर बरं झालं, आत्ताच कळलं. तांबं टर्मिनलच्या बाहेर दिसता कामा नये, आणि स्क्रू सालीवर बसता कामा नये.

सॉकेटकडे समोरून पाहिलं की वरची मोठी पिन अर्थची, उजवी फेजची, डावी न्यूट्रलची. डीबीतून आलेली लाल वायर स्विचला, स्विचमधून सॉकेटच्या उजव्या पिनेला. काळी थेट डाव्या पिनेला. हिरवी वरच्या पिनेला. बॉक्स लोखंडी असेल तर हिरवीचा एक फाटा त्याच्या अर्थ स्क्रूलाही द्या. स्विच आणि सॉकेटमधला जो जेमतेम १० सेंटिमीटरचा तुकडा असतो, तो खिशात सापडलेल्या दीड स्क्वेअरच्या वायरीचा घालतात. तोही ४ चाच हवा. सगळा करंट त्यातूनही जातो.

अर्थची वायर आली नसेल तर सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून अर्थ पिनेला तुकडा जोडायचा, हा प्रकार कुणी सुचवला तर काम तिथेच थांबवा. मागे कुठे न्यूट्रल सुटली की वॉशिंग मशिनच्या पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतात, आणि एमसीबी पडत नाही.

वायरी बॉक्समध्ये ‘एस’ आकारात घडी करून बसवा. प्लेटच्या स्क्रूने दाबून कोंबू नका. मागची वायर स्क्रूच्या टोकाखाली आली तर आवरण फाटतं.

चालू करण्याआधी आणि नंतर

वीज देण्याआधी मल्टिमीटरने सॉकेटच्या अर्थ पिनेपासून डीबीच्या अर्थ पट्टीपर्यंत रोध मोजा. २० मीटर २.५ ची वायर ०.१५ ओहमच्या आसपास दाखवते, मीटरच्या पिनांचा रोध वेगळा. १ ओहमच्या वर गेला तर कुठेतरी जोड सैल आहे. वायरमनकडे ५०० व्होल्टचा मेगर (वायरच्या आवरणाचा रोध मोजणारा मीटर) असेल तर उपकरणं काढून फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ तपासून घ्या. १ मेगाओहम ही किमान मर्यादा. नव्या वायरीत आकडा याच्या कितीतरी पट यायला हवा.

वीज दिल्यावर फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही २३० च्या आसपास हवेत, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. पण फेज-अर्थ २३० दाखवतो म्हणून अर्थिंग चांगलं आहे, असं नाही. मीटर इतका कमी करंट घेतो की एका तारेवर लटकलेली अर्थही पूर्ण व्होल्टेज दाखवते. खरी तपासणी लूप टेस्टरने होते, तो फेजपासून अर्थमार्गे परत जाणाऱ्या पूर्ण फेऱ्याचा रोध मोजतो: १६ अँपिअर ‘बी’ एमसीबी झटक्यात तुटायला लूपचा रोध २.८ ओहमच्या आत हवा, ‘सी’ साठी १.४ च्या आत. घराचं अर्थिंग फक्त जमिनीत पुरलेल्या इलेक्ट्रोडवर असेल तर एवढा कमी रोध सहसा मिळत नाही, आणि तिथे आरसीसीबी नसला तर बचाव उरत नाही. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून पाहा, आणि पुढेही दर महिन्याला दाबा.

शेवटी भार देऊन तपासा. २००० वॉटचं उपकरण लावा आणि चालू होण्याआधीचं व नंतरचं व्होल्टेज पाहा. १५ मीटर ४ च्या वायरीत घट दीड व्होल्टच्या आसपास असते. आठ-दहा व्होल्ट पडले तर त्याच वेळी डीबीतही मोजा. तिथेही तेवढेच पडत असतील तर दोष मागच्या सप्लायमध्ये आहे; तिथे पडत नसतील तर तुमच्या पॉइंटच्या एखाद्या स्क्रूखाली. १३ अँपिअर करंट आणि जोडावर फक्त ०.१ ओहम रोध असला, तरी १७ वॉट उष्णता त्या एवढ्याशा जागेत निघते, छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी. अर्धा तास चालवून स्विच बंद करा, प्लग काढा आणि पिनांना बोट लावा. कोमट चालतं. बोट ठेवता येत नसेल तर तो पॉइंट वापरू नका.

पुढे काय बिघडतं

प्लगची फेजकडची पिन काळी पडली असेल तर सॉकेटचा संपर्क सैल झाला आहे. घासून काही उपयोग नाही. सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला, कारण जळकी पिन नवीन सॉकेटही खराब करते. मागची वायर कडक झाली असेल तर चांगलं तांबं लागेपर्यंत मागे कापा; जास्तीची सोडलेली वायर इथे कामी येते.

एमसीबी चालू करताक्षणी पडला तर शॉर्ट आहे, वीस-तीस मिनिटांनी पडला तर जास्तीचा भार किंवा एमसीबीचंच सैल टर्मिनल, जे तापून त्याची पट्टी वाकवतं. आरसीसीबी पडत असेल तर उपकरणाचा प्लग काढा. तरीही पडला तर दोष वायरिंगमध्ये. नाही पडला तर उपकरणात, आणि गिझर असेल तर बहुतेक वेळा हीटर एलिमेंटमध्ये पाणी शिरलेलं असतं.

सहा अँपिअरच्या सॉकेटला लावायचा कन्व्हर्टर प्लग आणि एक्स्टेंशन बोर्ड मोठ्या उपकरणांना वापरू नका, एका दिवसासाठीसुद्धा नाही. बोर्डाची दोरी बहुधा ०.७५ किंवा १ स्क्वेअर एमएमची असते, आणि मागचा १६ चा एमसीबी तिला वाचवू शकत नाही.

लवचिक तांबं दाबाखाली थोडं बसतं, म्हणून नव्या पॉइंटचे स्क्रू महिन्याभराने मेन बंद करून एकदा पुन्हा आवळून घ्या. डीबीतलेही, न्यूट्रल पट्टीसकट.